धुक्यातला पाला

धुकं उतरलं ते उठायचं नावच घेईना. सकाळी दार उघडलं की समोरचा मेंदीचा मळा दिसायचा नाही, नुसता त्याचा वास यायचा. ओला, उग्र. कापणी कधीच होऊन गेली होती. कापलेल्या फांद्या माळ्यावर, पडवीत, थेट चुलीच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेल्या होत्या आणि त्यातली एकही वाळत नव्हती. मेंदीला ऊन चालत नाही, उन्हात पाला पांढरा पडतो. पण सावलीत वाळवायचा तरी कोरडा वारा लागतो. इथे श्वास घेतला तरी नाकात पाणी जात होतं.

सुई दिवसभर फांद्या उलटत राहायची. सुई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्याकडून स्वतःच्या हातावर मेंदी काढून घेतली, डोळे बारीक करून रेघा न्याहाळल्या आणि म्हणाली, "ही सून नाही, सुई आहे." ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला अजून कळलं नव्हतं. नाव मात्र चिकटलं. नवराही तिला त्याच नावाने हाक मारायचा.

मूठभर पाला ती मुठीत दाबून बघायची. चुरचुरायला हवा, तो नुसता वाकायचा, चामड्यासारखा. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. काही पानांवर बुरशीचे ठिपके.

"उलटत राहा," सासू सांगायची. "हात थांबला की पाला मेला."

आणि स्वतःही थांबत नव्हती. एका सकाळी लाकडी दंताळं घेऊन माळ्यावर चढली आणि वरच्या ओलसर फळीवरून पाय घसरून आपटली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरने प्लास्टर घातलं, जुन्या फडक्याची झोळी गळ्यात अडकवून दिली. घरी येऊन ती उंबऱ्याशी बसली आणि प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत राहिली. त्या बोटांची टोकं इतक्या वर्षांच्या मेंदीने कायमची लालसर झाली होती. धुतली तरी जायची नाहीत.

"भट्टीवाल्याच्या मुलीला आता तूच काढ," ती म्हणाली.

विटांच्या भट्टीवाल्याच्या घरी कुणाचंही लग्न असलं की मेंदी याच घरातून जायची. त्या मुलीच्या आईच्या हातावरही सासूनेच काढली होती. त्या घरी रंग चढला की आसपासच्या गावांत आपोआप बोलबाला व्हायचा, मग वर्षभर आमंत्रणं चालू. नाही चढला तर, हा विचार सुईने अजून केला नव्हता. करायची वेळ मात्र लगेचच आली.

निम्माअर्धा सुकलेला पाला काठीने झोडून त्यांनी चक्कीत घातला, मलमलीतून चाळला. पूड हिरवी हवी, ती मातकट निघाली. सुईने लिंबाच्या रसात थोडी भिजवली, झाकून ठेवली, मग तळहातावर एक पान काढून वाळेपर्यंत बसली. धुतलं तर खाली काही नव्हतंच म्हणायचं. आजारी माणसाच्या डोळ्यांत असतो तसा फिकट पिवळा डाग. तिने तो दिव्याजवळ नेऊन पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. पिवळाच.

नवऱ्याने लांबूनच विचारलं, "रंग नाही?"

"नाही."

त्याने तशीच सायकल काढली आणि गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा पिशवीत एक डबा होता, वर चिठ्ठी नाही की नाव नाही. आत काळपट बारीक पूड.

"हे काय?"

"शहरात सगळे हेच घालतात म्हणे. चिमूटभर पुरे. तासाभरात काळाभोर रंग. पोरींना आता लाल नकोच असतो, काळाच लागतो."

"आईंना विचारू या."

"आईला कशाला? तिला दुखतंय तेवढं पुरे आहे की."

सुईने चिमूटभर घालून मेंदी भिजवली आणि कोन भरला. हात पुढे असायचे, सासूने डाग पाहिला असता, म्हणून तिने कोपराच्या आतल्या बाजूला, बाहीखाली झाकेल असं छोटं पान काढलं. सासूने पलीकडून नाक वर केलं.

"कसला गं वास येतोय? रॉकेलसारखा?"

"निलगिरीचं तेल आहे, आई," सुई म्हणाली.

किती सहज बोलून गेली. स्वतःचं तिलाच नवल वाटलं.

धुतलं तेव्हा कोपरात काळंशार पान उमटलेलं होतं. शीर न् शीर स्पष्ट. सुईचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने तिचा हात धरून दिव्याखाली नेला आणि कितीतरी दिवसांनी हसला. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारासाठी चाळलेली सगळी पूड पडवीत ओतली आणि डब्यातली त्यात मिसळायला घेतली. सासू आत झोपली होती. चाळण सुईने धरली. तिला वाटलं, निदान एवढी तरी घाई नको होती. पण चाळणीचा आवाज होऊ नये म्हणून ती हळूहळू हलवत राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाजारही होता. नवरा पहाटेच सायकलवर पाकिटांची पोती बांधून पुढच्या गावाला गेला. सुई कोनांची पिशवी घेऊन भट्टीवाल्याकडे निघाली. कोपरात थोडं चुरचुरत होतं. बाही घासत असेल, असं तिला वाटलं.

भट्टीवाल्याचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. मुलीची मावशी कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून सगळ्यांवर ओरडत फिरत होती.

"सासू नाही आली?"

"हात मोडलाय त्यांचा."

"मग तू काढणार?" मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघ हो. फोटो काढायचेत हातांचे."

मुलगी मात्र मोकळी होती. भट्टीवरच्या गाड्या तीच मोजायची, तिच्या तळहाताची कातडी जाड आणि एक नख तुटलेलं. सुईपुढे हात ठेवून म्हणाली, "मोर नको, कुयऱ्या नकोत. माझ्या हातावर काढून काढून काय काढशील? विटाच काढ. ओळखीच्या तरी वाटतील."

बायका हसल्या. सुईही हसली आणि मनगटापासून सुरुवात केली. हाताला ओळखीची लय आली की तिला एरवी बाकी काही दिसायचं नाही. आज दिसत होतं. कोपरातली चुरचुर आता खाज झाली होती. तिने कोपर गुडघ्यावर घासलं. थोड्या वेळाने पुन्हा घासलं. मनगट झालं, तळहातावर जाळी झाली, बोटं निम्मी झाली. आता खाज नव्हती, आग होती, आणि बाही ओली लागत होती.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

मागच्या दारी माठाजवळ कुणी नव्हतं. तिने बाही वर सरकवली.

काळं पान होतं तिथे पानाच्याच आकाराचा फुगवटा आला होता. लाल, टरारलेला. देठापासून टोकापर्यंत पाण्याने भरलेले बारीक फोड, एकाला एक लागून. एक फुटला होता.

माठाचा काठ धरून ती उभी राहिली. किडा चावला असेल. माझीच कातडी नाजूक असेल. त्या मुलीची तर जाड आहे. आणि उठलंच काही तर उद्या, परवा उठेल, तोवर ती सासरी गेलेली असेल. हे सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक येऊन गेलं.

"अगं सुई, हात सुकला माझा!" आतून मुलीने हाक मारली.

ती आत गेली. बसली. कोन उचलला आणि करंगळीवर आणखी एक रेघ ओढली. का ओढली ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. रेघ पूर्ण झाली आणि तिने कोन खाली ठेवला.

"धुवा," ती म्हणाली.

"काय?"

"हात धुवा. आत्ताच्या आत्ता. उठा."

"वेड लागलं का हिला?" मावशी धावत आली. "एवढा हात काढून झाला आणि धुवा?"

सुईने बाही वर केली आणि हात पुढे धरला. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"ह्यात काळी पूड आहे. पाल्याला रंग नव्हता म्हणून घातली. मला परवा लावली होती, आज हे झालं."

"विष आणलंस पोरीच्या हाताला?" मावशीचा आवाज फाटला. "लग्नाच्या आदल्या दिवशी?"

मुलीला मोरीत नेऊन सुई तिचा हात चोळू लागली, आधी तेलाने, मग साबणाने, मग पुन्हा तेलाने. काळपट पाणी वाहत होतं.

"जळतंय का?" ती सारखी विचारत होती. "खरं सांगा. जळतंय?"

"नाही गं. तू इतकं चोळतेयस त्यानेच जळतंय."

मावशीने पिशवी जमिनीवर उलटी केली. कोन, चिंध्या, लिंबू, तेलाची बाटली, सगळं पाहुण्यांच्या पायांशी पसरलं. "आणखी काय काय आणलंय बघू दे." मग कोन एकेक करून गटारात टाकले. "आता शहरातून कुणी मिळतंय का बघा. आणि मिळणार कोण आज?"

"मळ्यात खालच्या फांद्या उभ्या आहेत," सुई मोरीतूनच म्हणाली. "ताजा पाला वाटून आणते. त्याने बारीक रेघ निघत नाही. ठिपके निघतील, बोटं भरता येतील. काळा नाही येणार. विटकरी येईल."

"हिच्या हातून पुन्हा?" मावशी म्हणाली.

मुलीने ओला हात झटकला. "विटकरी म्हणजे माझाच रंग की. आण जा."

सुई मागच्या दाराने बाहेर पडली. धुक्यात रस्ता जेमतेम दिसत होता. कोपऱ्यावर वळली आणि तिथेच थबकली. बाजार. सकाळपासून नवरा तीच पूड विकत होता.

त्यानंतर ती पळतच घरी पोहोचली. सासू उंबऱ्यात बसलेली. सुईने एका दमात सगळं सांगितलं, डबा, चाळण, कोपर, मुलीचा हात. सासूने ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने तिचा दंड धरून जवळ ओढला, फोड पाहिले, नाक जवळ नेलं.

"निलगिरीचं तेल," ती म्हणाली.

सुईला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

"बाजारात जा," सासू उठत म्हणाली. "पाल्याचं मी बघते."

"तुमचा हात..."

"डावा आहे ना? तोंड बघत उभी राहू नकोस. जा."

बाजाराच्या गावाला जाणारा टेम्पो भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत होता. सुईने दोनदा विनवलं. "माणसं येऊ द्या की, बाई," तो म्हणाला. ती आत बसून राहिली आणि बसल्या बसल्या तिला हातच हात दिसायला लागले. म्हाताऱ्या बायकांचे, शाळेतल्या मुलींचे, सगळ्यांवर काळी पानं आणि पानांखाली पाणी. अखेर गाडी निघाली. पुलावर गुरं आडवी आली तेव्हा तिने उडी मारली आणि उरलेला रस्ता पळत काढला.

नवरा नेहमीच्या जागी, ताडपत्रीखाली बसला होता. समोर बायकांची गर्दी. सुईला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"बघ, हातोहात जातंय! वाटीतला नमुना दाखवला की..."

वाटीत भिजवलेली मेंदी होती. एका बाईने आपल्या छोट्या मुलीचा हात पुढे केला होता आणि तिच्या तळव्यावर नवऱ्याने नुकताच एक गोल ठिपका दिला होता. सुई गर्दीत घुसली, मुलीचा हात धरला आणि पदराने खसाखसा पुसायला लागली. मुलगी घाबरून रडायला लागली.

"अहो, काय करताय? सोडा तिला!" आई ओरडली.

"पाण्याने धुवा. साबण लावा. लगेच."

"सुई!" नवरा दातांतल्या दातांत म्हणाला. "घरी बोलू."

"घरी नाही." तिने बाही वर केली. "हे बघा सगळ्यांनी. ह्या पुडीने झालंय. घेतली असेल त्यांनी परत द्या."

"तुझी कातडी नाजूक आहे. लोकांसमोर तमाशा..." असं म्हणत त्याने तिची बाही खाली ओढायला हात घातला. बोट फोडाला लागलं. सुई कळवळून खाली बसली. त्याने हात मागे घेतला आणि आपल्या ओल्या झालेल्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्याचं तोंड उतरलं, अगदी लहान मुलासारखं. त्याने वाटी उपडी केली, पोत्याचं तोंड बांधलं आणि उभा राहिला.

दोघं सगळा बाजार फिरले. तो एका रांगेने, ती दुसऱ्या. "मेंदीची पाकिटं घेतली असतील तर परत द्या, खराब आहेत!" असं ओरडत. कुणी हसलं. कुणी पाकीट तोंडावर फेकलं. दोरखंडवाला म्हणाला, "विकायला ओरडतात ते माहीत होतं, हे नवीनच." ज्या पाकिटांची आठवण होती ती बहुतेक सापडली. एक बाई मात्र सापडेना.

"काखेत मूल होतं," नवरा आठवून आठवून सांगत होता. "हिरवा स्वेटर. मोठं पाकीट नेलंय. म्हणाली, घरात सगळ्यांना लागेल."

"सगळ्यांना?"

"तसंच म्हणाली."

बसथांब्यावर गेले तेव्हा बस निघून गेली होती. कुठल्या गावची बाई, कुणालाच माहीत नव्हतं.

परतताना सुई भट्टीवाल्याच्या दाराशी घुटमळली. आत जायची हिंमत नव्हती. दारातून दिसलं ते एवढंच: सासू जमिनीवर बसलेली, प्लास्टरचा हात मांडीत, डाव्या हाताचं बोट हिरव्या लगद्यात बुडवून मुलीच्या तळव्यावर ठिपके ठेवतेय. एकही ठिपका ओळीत नव्हता. मावशी लगद्याचं भांडं धरून बसली होती.

"आजी, ही वीट तिरकी बसली," मुलगी म्हणाली.

"भिंत पडत नाही ना? मग झालं," सासू म्हणाली.

लग्न झालं. मुलीच्या मनगटावर थोडं पुरळ उठलं आणि मावळलं, असं सासू सांगत आली. रंग चांगला विटकरी आला होता. मावशी म्हणाली होती, पुढच्या वेळी बघू. बघू म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

नवऱ्याने मळ्याच्या टोकाला खोल खड्डा खणून सगळी पूड पुरली, डब्यासकट. मग सायकल काढून बसच्या रस्त्यावरची गावं धुंडाळू लागला. हिरवा स्वेटर, काखेत मूल. रोज संध्याकाळी यायचा, पायांवरचा चिखल धुवायचा आणि मान हलवायचा. अजून नाही. सुईचा दंड सुजला, फोड फुटून वाहायला लागले, डॉक्टरने मलम दिलं. फोडांची आग होत होतीच. पण तिला खरी झोप लागू देत नव्हतं ते दुसरंच. त्या बाईच्या घरात किती माणसं असतील? मूल किती मोठं होतं? मूल हात तोंडात घालतं. हे सगळं ती नवऱ्याला विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता, आणि दोघं एकमेकांचं विचारणं ऐकत होते.

पुढच्या बाजाराला ते गेले तेव्हा विकायला काही नव्हतं. नेहमीच्या जागी रिकामं पोतं अंथरून बसले. लोक यायचे, रिकामं पोतं बघायचे.

"काय विकताय?"

"काही नाही."

"मग बसलाय कशाला?"

नवरा खाली बघायचा. सुई येणारीजाणारी प्रत्येक बाई बघत होती. हिरवा स्वेटर दिसला की उठायची, चेहरा वेगळा निघाला की बसायची. दुपार कलली. दोरखंडवाल्याने दुकान आवरायला घेतलं.

आणि मागून आवाज आला.

"हाच तो! हाच तो माणूस!"

बाईने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. कपाळ सुजून भुवया डोळ्यांवर आल्या होत्या, कानांच्या पाळ्यांवर खपल्या. हातात फाडलेलं पाकीट आणि काखेत मूल, बिस्कीट चघळणारं.

"काय विकतोस रे तू? माणसांना विकतोस की गुरांना? केसांना लावली मी! डोकं पेटलं माझं, डोकं! डॉक्टरकडे पळत जावं लागलं, डोळे उघडत नव्हते!"

सुई तिच्याकडे बघतच नव्हती. ती मुलापाशी गेली होती. त्याचा एक हात तिने हळूच उघडला, मग दुसरा. गुबगुबीत तळवे. बिस्किटाचा चिकट चुरा, दुसरं काही नाही. पाय पाहिले. पायही स्वच्छ.

"ह्याला लावली नाही ना?" तिने विचारलं. "घरात अजून कुणाला?"

"लावणार होते ना! सगळ्यांना लावणार होते! पोरींना, सासूला! आधी मला लावली म्हणून वाचले सगळे!"

नवरा पोत्यावरून उठून बाईसमोर उभा राहिला. "मी मिसळलं होतं त्यात," तो म्हणाला. "हिने नाही. मी. तुम्हाला शोधत होतो."

"शोधत होता म्हणे! शोधून काय माझं कपाळ उतरणार आहे? अख्खा बाजार ऐकू दे! ऐका रे सगळे..."

लोक जमायला लागले. बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला होता, एक शिवी झाली की दुसरी. नवरा खाली मान घालून ऐकत होता. सुईने मुलाची मूठ अजून सोडली नव्हती.

बाई मध्येच थांबली. "आणि तू हसतेस काय गं?"

"हसत नाही, ताई," सुई म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. "बोला तुम्ही. अजून बोला."

बाईने तिच्याकडे पाहिलं, दम घेतला, आणि पुन्हा सुरू झाली.